समेच्या आधी बटण: नृत्याचे फोटो काढायला शिकताना

नृत्याचे फोटो काढायला नव्याने सुरुवात केलेल्या कुणाचंही मेमरी कार्ड उघडा, चित्र साधारण सारखंच असतं. शेकडो फ्रेम, आणि त्यांत नर्तिका एक तर उडीच्या तयारीत आहे किंवा उडी संपवून खाली आलेली आहे. हात नेमका चेहऱ्यावर, डोळे मिटलेले, पाऊल लोंबकळतंय. मग खापर कॅमेऱ्यावर फुटतं. ऑटोफोकस मंद आहे, लेन्स अंधारात चालत नाही, बॉडी जुनी झाली. बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा काही दोष नसतो. पुढच्या क्षणी काय येणार हे फोटो काढणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून तो कायम एक ठोका मागे राहतो. नृत्यात 'दिसलं की दाबू' हा हिशेब चालत नाही. खाली शटर स्पीडपासून फ्लॅशपर्यंत बरंच काही सांगितलं आहे, पण ते सगळं या एका अडचणीवरचे उपाय आहेत असं समजून वाचा.

आधी तालीम बघा

कॅमेरा पिशवीतच राहू द्या आणि तालमीला जाऊन बसा. एकच रचना दोन-तीन वेळा बघायला मिळाली तर उत्तम. पहिल्यांदा नुसतं बघा. दुसऱ्यांदा बघताना वहीत लिहा: उडी कुठे आहे, गिरकी कुठल्या दिशेची, नर्तक मंचाच्या कुठल्या कोपऱ्यात येऊन थांबतो, कुठल्या क्षणी चेहरा प्रेक्षकांकडे वळतो. तिसऱ्यांदा बघताना तोंडाने मात्रा मोजा. शास्त्रीय नृत्य शिकलेलं असण्याची गरज नाही, ठोका पकडता आला तरी पुरे.

प्रत्येक नृत्यप्रकार पुढे काय येणार याची सूचना आपापल्या रीतीने देतो. कथकमधली तिहाई तर फोटोग्राफरसाठी देणगीच आहे. एकच तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो. पहिल्या खेपेला हात कुठून कुठे जातात ते बघा, दुसऱ्या खेपेला फ्रेम पक्की करा, तिसऱ्या खेपेला बोट बटणावर ठेवा. समेवर नर्तक थांबतो, त्यामुळे तिथे फार वेगवान शटरही लागत नाही. भरतनाट्यममध्ये अडवू (मूळ पदन्यास) करताना ठोक्यावर आकृती पूर्ण होते: कोपर ताणलं जातं, टाच आपटते, नजर हाताच्या मागोमाग पोचते. बॅलेमध्ये मोठ्या उडीआधी गुडघे वाकतात. उडी कितीही अचानक वाटली तरी गुडघे वाकल्याशिवाय कुणी उडत नाही. समकालीन नृत्यात ठोका कधी नसतोच, तेव्हा श्वास बघायचा. छाती भरली, खांदे किंचित वर आले, की काहीतरी सुटणार आहे.

अमेरिकेतल्या फोटोग्राफर बार्बरा मॉर्गन यांनी नर्तिका मार्था ग्रॅहम यांचे १९४० साली काढलेले फोटो आजही नृत्यछायाचित्रणाचा मापदंड मानले जातात. त्यातला कमरेतून वाकलेल्या, पाय आणि घागरा मागे उसळलेल्या ग्रॅहम यांचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. तो प्रयोग चालू असताना प्रेक्षकांतून टिपलेला नाही. मॉर्गन तालमी आणि प्रयोग पुन्हा पुन्हा बघत, कुठल्या हालचालीत त्या नृत्याचं सार आहे ते ठरवत आणि मग तेवढाच भाग कॅमेऱ्यासमोर, हव्या त्या प्रकाशात करून घेत.

उडीचं गणित

हा भाग जरा सावकाश वाचा. एकदा कळला की वर्षभराचा त्रास वाचतो.

समजा नर्तकाने ४५ सेंटिमीटर उंच उडी मारली. तो हवेत साधारण ०.६ सेकंद असतो. वर जाताना त्याचा वेग कमी कमी होत जातो, माथ्यावर क्षणभर शून्य होतो आणि खाली येताना पुन्हा वाढतो. यामुळे एक गमतीची गोष्ट घडते: हवेतल्या एकूण वेळातला निम्मा वेळ, म्हणजे इथे ०.३ सेकंद, शरीर उडीच्या सर्वांत वरच्या पाव भागातच असतं. अधांतरी तरंगल्याचा जो भास प्रेक्षकाला होतो, त्याचं एक कारण हेच.

आता तुमची बाजू. डोळ्याने पाहून बोटाने दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. माथ्यापासून पाव सेकंदात शरीर ३० सेंटिमीटर खाली येतं. म्हणजे 'हा बघा माथा' असं वाटल्यावर दाबलंत, तर फोटोत ४५ पैकी जेमतेम १५ सेंटिमीटर उडी उरते. मेमरी कार्डातल्या त्या सगळ्या खाली आलेल्या उड्यांचं मूळ इथे आहे. उपाय साधा आहे: पाय जमीन सोडताना दाबायचं. तिथून माथा ०.३ सेकंद दूर असतो, आणि तुमचं बोट व कॅमेरा मिळून जवळजवळ तेवढाच वेळ खातात.

शटर स्पीडचंही तसंच. जमीन सोडताना शरीराचा वर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर असतो. १/२५० सेकंदात ते १२ मिलिमीटर सरकतं आणि फोटो हलतो. माथ्याच्या अलीकडे-पलीकडे १/३० सेकंदाच्या आत दाबलंत, तर त्याच १/२५० मध्ये ते मिलिमीटर-दीड मिलिमीटरच हलतं. जागच्या जागी मारलेली उडी मंद शटरवरही स्वच्छ येते ती यामुळे, मात्र वेळ साधली तरच. धावत येऊन मारलेल्या उडीला ही सवलत नाही, कारण तिचा आडवा वेग माथ्यावरही तसाच राहतो. तिथे १/१००० लागतं, किंवा कॅमेरा नर्तकाबरोबर फिरवावा लागतो.

मग बर्स्ट, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो, का नको? सेकंदाला १० फ्रेम घेणारा कॅमेरा उडीची उंची नक्की पकडेल. माथ्यापासून १/२० सेकंद चुकलं तरी उंचीत सेंटिमीटरभराचाच फरक पडतो. पण दोन फ्रेमच्या मधल्या सेकंदाच्या दहाव्या हिश्शात वेगाने फिरणारा हात सहज अर्धा मीटर पुढे जातो. नेमकी हाताची रेषा, बोटांचा पसारा, मानेचं वळण त्या फटीत निसटतं. शिवाय बर्स्टची सवय लागली की ठोका ऐकणं बंद होतं. सुरुवातीचे काही महिने एका उडीला एकच क्लिक असा नियम स्वतःला घाला. हात बसला की मग तीन-चार फ्रेमचा छोटा बर्स्ट, तोही जमीन सुटताना सुरू केलेला, वापरायला हरकत नाही.

कॅमेरा कसा लावायचा

मॅन्युअल मोड, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल. मोड मॅन्युअल अशासाठी की काळ्या पडद्यापुढे उजळलेला नर्तक दिसला की कॅमेऱ्याचा मीटर गडबडतो. सगळीकडे अंधार आहे असं समजून तो चेहरा पांढराफटक करतो. चेहऱ्यावर किंवा हातावर स्पॉट मीटरने (तेवढ्याच छोट्या जागेचा प्रकाश मोजणाऱ्या सोयीने) मोजा, एक चाचणी फोटो घ्या आणि उजळ भाग जळत नाहीत ना ते बघा.

शटर आधी ठरवा, बाकी सगळं त्याच्यामागून. संथ अभिनय, बसलेली मुद्रा: १/२०० च्या आसपास. साधं पदन्यास आणि हातांची हालचाल: १/४०० ते १/५००. उड्या, लाथा, केस उडवणं: १/८०० ते १/१०००, जमलं तर त्याहून जास्त. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं तोंड, एफ/२.८ किंवा त्याच्या जवळपास. उरलेली तूट आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवून भरा. ३२०० किंवा ६४०० ला घाबरू नका. दाणे माफ होतात, हललेला चेहरा होत नाही.

लेन्सबद्दल नवखे उगाच रडतात. तालमीच्या खोलीत ५० किंवा ८५ मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स भरपूर झाली. प्रेक्षागृहात लांबून काढायचं तर ७०-२०० एफ/२.८ सोयीची, पण ती भाड्याने किंवा उसनी घेऊनही काम भागतं. वाइड लेन्स मात्र जपून वापरा. कडेला आलेलं पाऊल ती ताणून दुप्पट करते आणि नर्तक तुम्हाला ते कधीच विसरू देत नाही.

फोकस सतत बदलणाऱ्या मोडवर, म्हणजे एएफ-सी किंवा तुमच्या कॅमेऱ्यात जे नाव असेल त्यावर ठेवा. डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल तर वापरा, पण गिरकीत चेहरा पाठमोरा झाला की तो भरकटतो, विशेषतः मागे दुसरा नर्तक असेल तर. स्टुडिओत याहून भरवशाची युक्ती आहे: जमिनीवर चिकटपट्टीने खूण करा, नर्तकाला तिथे उभं करून फोकस लावा, मॅन्युअलवर टाका आणि उडी त्या खुणेवरच मारायला सांगा. एफ/५.६ ठेवलं तर वीतभर पुढेमागे झालेलंही निभावतं.

कुठे उभं राहायचं

सर्वसाधारणपणे कॅमेरा नर्तकाच्या कमरेच्या उंचीवर ठेवा. डोळ्याच्या उंचीवरून काढलं की पाय आखूड दिसतात. उडीसाठी अजून खाली जा, गुडघ्याच्या पातळीला किंवा थेट जमिनीवर, म्हणजे शरीर क्षितिजाच्या वर उठतं. पण जमीन फ्रेममधून कापू नका. उडी किती उंच आहे हे डोळ्याला कळतं ते पाऊल आणि त्याची सावली यांच्यातल्या मोकळ्या जागेवरून. ती जागाच दिसली नाही तर दोन फुटांची उडीसुद्धा लटकवल्यासारखी वाटते.

अरमंडीसारख्या (भरतनाट्यममधली गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसण्याची स्थिती) बैठकीच्या नृत्यात उलट काळजी घ्या. फार खालून काढलं तर बाहेर वळलेल्या गुडघ्यांचा चौकोन मोडतो आणि नर्तकाने कष्टाने राखलेली भूमिती वाया जाते. समोरून, कमरेच्याही किंचित खालून, कॅमेरा अगदी सरळ धरून काढा.

फ्रेममध्ये हात-पाय पूर्ण असावेत, निदान सुरुवातीला. कापायचंच तर मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर कापा. घोटा, मनगट, गुडघा या सांध्यांवर कापलं की अवयव तुटल्यासारखा दिसतो. हालचालीच्या दिशेला मोकळी जागा सोडा. गटनृत्यात सगळ्यांना फ्रेममध्ये मावून घ्यायचा हट्ट धरू नका. तीन नर्तकांमधली जागा नीट आली तर बाराजणांच्या गर्दीपेक्षा फोटो जास्त बोलतो.

मागची भिंत, खुर्च्या, दाराची चौकट, हिरवा 'बाहेर' दिवा हे सगळं आधी तपासा. नर्तकाच्या डोक्यातून खांब उगवलेला फोटो नंतर दुरुस्त करत बसण्यापेक्षा दोन पावलं सरकणं स्वस्त.

आता हलू द्या

गोठवणं जमायला लागलं की बहुतेकजण तिथेच थांबतात. तीक्ष्ण फोटो म्हणजे चांगला फोटो अशी समजूत घट्ट बसते. पण पूर्ण गोठलेल्या शरीरात कधी कधी नृत्यच उरत नाही, नुसता आकार उरतो. फोटोग्राफर अॅलेक्सी ब्रोडोविच यांनी १९३५ ते १९३७ या काळात रशियन बॅलेच्या संचांचे फोटो लहान कॅमेऱ्याने, फ्लॅश न वापरता, मिळेल त्या मंचप्रकाशात काढले. ते धूसर आहेत, दाणेदार आहेत, दिवे जळलेले आहेत. त्या काळच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकाने ते नापास केले असते. १९४५ साली ते पुस्तकरूपाने आले आणि पुढच्या पिढ्यांनी त्यातून हलत्या फोटोचं व्याकरण उचललं.

हलवायचं म्हणजे वाट्टेल तसं हलवायचं नाही. फोटोत एक तरी जागा स्थिर हवी, म्हणजे बाकीची हालचाल डोळ्याला मोजता येते. ही स्थिर जागा मिळवायची सर्वांत सुंदर संधी गिरकीत असते. गिरकी घेताना चक्कर येऊ नये म्हणून नर्तक नजर एका बिंदूवर रोखतो. धड फिरत राहतं, डोकं मात्र शक्य तितका वेळ समोर राहतं आणि शेवटी झटक्यात वळून पुन्हा त्याच जागी येतं. आता शटर १/१५ वर ठेवा आणि चेहरा समोर येण्याच्या किंचित आधी दाबा. डोळे, नाक, कपाळ स्वच्छ येतील आणि खांद्यापासून खाली सगळं भोवऱ्यासारखं फिरताना दिसेल. दहात एक जमेल. तो एक ठेवण्याजोगा असतो.

कथकच्या चक्रांनंतरचा क्षण असाच. नर्तिका समेवर थांबते, पण घेरदार अंगरखा थांबत नाही. तो तसाच पुढे फिरून पायांभोवती गुंडाळला जातो. १/३० ते १/६० च्या दरम्यान शरीर तीक्ष्ण आणि कापड वाहतं असा फोटो मिळतो. यासाठी समेच्या किंचित नंतर दाबायचं. या लेखात 'नंतर' म्हणायची ही एकच जागा.

नर्तक मंच ओलांडत असेल तर १/३० वर कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवा. कमरेतून वळा, हात स्थिर ठेवा आणि क्लिक झाल्यावरही फिरणं चालू ठेवा. १/८ किंवा १/४ वर गेलात की शरीर विरघळायला लागतं. तिथे ट्रायपॉड लावा, म्हणजे मागचा पडदा तरी जागेवर राहील. उजेड जास्त होत असेल तर लेन्सवर एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा, फिल्टर.

एक प्रयोग सगळ्यांनी करावा. एकाच नर्तकाची एकच हालचाल १/१०००, १/६० आणि १/८ वर काढा आणि तिन्ही शेजारी ठेवा. कुठल्या हालचालीला किती वेळ द्यायचा याची जाण आकड्यांच्या तक्त्यापेक्षा या तीन फोटोंतून लवकर येते.

फ्लॅश: अंधारातलं शटर

स्टुडिओत काम करायला लागलात की फ्लॅशची खरी गंमत कळते. खोली पूर्ण अंधारी असेल तर हालचाल गोठवण्याचं काम शटर करत नाही, फ्लॅशचा झोत किती क्षण टिकतो ते करतं. कॅमेऱ्यावर बसणारा नेहमीचा मोठा फ्लॅश पूर्ण ताकदीवर साधारण १/१००० सेकंद पेटतो, आणि १/१६ ताकदीवर सुमारे १/१०,०००. म्हणून ताकद कमी ठेवा, आयएसओ थोडा वाढवा, फ्लॅश जवळ आणा. शटर कॅमेऱ्याच्या सिंक मर्यादेत (फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सर्वांत वेगवान शटरच्या आत), बहुधा १/२०० किंवा १/२५० वर. पाण्याचे शिंतोडे आणि केसांची टोकंसुद्धा थिजतात. मोठ्या स्टुडिओ लाइटचं गणित प्रत्येक बनावटीत वेगळं असतं, काही लाइट कमी ताकदीवर उलट जास्त वेळ पेटतात. माहितीपत्रकात बघून घ्या.

फ्लॅश बाजूने मारा. मंचावरही नृत्याची प्रकाशयोजना करणारे विंगेतून येणाऱ्या आडव्या प्रकाशावर भर देतात, कारण बरगड्या, पोटऱ्या, पाठीचा कणा यांना खोली मिळते ती त्यानेच. समोरून मारलेला फ्लॅश शरीर सपाट करून टाकतो.

फ्लॅश आणि खोलीतला उजेड एकत्र करून १/८ च्या आसपास काढलं तर तीक्ष्ण शरीर आणि त्याची वाहती रेघ दोन्ही मिळतात. सेटिंगमध्ये फ्लॅश शटरच्या 'मागच्या पडद्यावर' (रिअर कर्टन) पेटेल असं निवडा, म्हणजे रेघ शरीराच्या मागे राहते. पुढच्या पडद्यावर ठेवलं तर नर्तक स्वतःच्याच धुक्यात शिरत असल्यासारखा दिसतो. मात्र मागच्या पडद्यावर वेळ साधणं अवघड होतं, कारण फ्लॅश शटर बंद होताना पेटतो आणि उडीचा माथा त्या क्षणी यायला हवा. म्हणजे अजून आधी दाबायचं.

एकाच हालचालीचे अनेक टप्पे दाखवायचे असतील तर दोन जुन्या वाटा आहेत. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ साली धावणाऱ्या घोड्याच्या वाटेवर ओळीने कॅमेरे लावून प्रत्येक टप्पा वेगळ्या फोटोत घेतला, आणि १८८७ साली माणसांच्या व प्राण्यांच्या हालचालींच्या ७८१ पाट्या प्रसिद्ध केल्या. त्याच दशकात फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी सगळे टप्पे एकाच काचेवर एकावर एक उमटवले. शरीरं एकमेकांत मिसळून गोंधळ व्हायला लागला, तेव्हा त्यांनी माणसाला काळे कपडे घालून फक्त हातापायांवरून चकचकीत पांढऱ्या पट्ट्या नेल्या. पुढे फ्लॅश दर सेकंदाला अनेकदा पेटवण्याचं तंत्र आलं. विद्युत अभियंता असलेल्या जोन मिली यांनी ते हे तंत्र विकसित करणाऱ्या हॅरल्ड एजर्टन यांच्याकडून उचललं आणि १९४७ साली बॅले नर्तिका नोरा के यांच्या बारीक पावलांची अख्खी माळ एका फोटोत ओवली.

हे तुम्हालाही करता येतं. पूर्ण काळा पडदा, अंधारी खोली, शटर दोन-तीन सेकंद उघडं, फ्लॅश स्ट्रोब मोडवर, सेकंदाला चार-पाच झोत. पडद्यावर उजेड पडता कामा नये, म्हणून नर्तक पडद्यापासून जमेल तितका पुढे. आणि नर्तकाने आडवं सरकत राहायला हवं. जागच्या जागी नाचला तर धड त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा उमटून जळतं आणि फक्त हात पंख्यासारखे पसरलेले दिसतात. तेही कधी कधी छान दिसतं म्हणा.

प्रयोगात

आयोजकांची आणि नृत्यसंचाची परवानगी आधी घ्या. चालू प्रयोगात फ्लॅश कधीच मारू नका. अंधारात फिरणाऱ्या नर्तकाच्या डोळ्यांपुढे क्षणभर काळोख आला तर तो पडू शकतो. शटरचा आवाज बंद, स्क्रीन बंद, फोकसचा लाल-नारिंगी दिवा बंद. सगळ्यांत चांगली सोय म्हणजे रंगीत तालमीत काढणं: वेशभूषा आणि प्रकाश प्रयोगाचाच असतो, पण तुम्हाला हलता येतं.

बिनआवाजाच्या इलेक्ट्रॉनिक शटरचा एक धोका आहे. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे वेगाने फिरणारा हात वाकडा येऊ शकतो आणि एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे पडतात. दिवे लागल्यावर लगेच चार-पाच चाचणी फोटो काढा. पट्टे दिसले तर शटर थोडा खालीवर करून बघा, अँटी-फ्लिकर सोय असेल तर चालू करा, आणि तालीम असेल तर सरळ यांत्रिक शटरवर या.

समोर माणूस आहे

ज्याचं शरीर तुम्ही टिपताय त्याचंच ते कामाचं साधन आहे. अंग तापल्याशिवाय उडी मारायला सांगू नका. दिवे लावायला तुम्हाला तासभर लागणार असेल तर नर्तकाला तासभर आधी बोलावू नका, गार पडलेल्या स्नायूंनी पहिली मोठी उडी मारणं म्हणजे दुखापतीला आमंत्रण. सिमेंट किंवा फरशीवर पुन्हा पुन्हा उड्या नकोत. लाकडी, थोडी दबणारी जमीन शोधा, आणि अनवाणी नाच असेल तर ती स्वतः झाडून घ्या. चांगली उडी पहिल्या सात-आठ प्रयत्नांत येते. त्यानंतर उंची कमी होते, चेहऱ्यावर ताण दिसायला लागतो. मध्ये थांबा, काढलेलं दाखवा, मग पुढे.

आकृती सुधारण्यासाठी अंगाला हात लावू नका. स्वतः करून दाखवा किंवा शब्दांत सांगा. नर्तकांना 'डावा खांदा खाली', 'हनुवटी प्रकाशाकडे' एवढं पुरतं. उघड्या किंवा कमी कपड्यांतल्या शरीराचं काम असेल तर काय काढायचं, कोण हजर असेल, फोटो कुठे वापरले जातील हे आधी लिहून ठरवा. मध्येच नको वाटलं तर थांबण्याची मुभा तोंडाने सांगा. नर्तक अल्पवयीन असेल तर असं काम करायचंच नाही. तिथे साध्या नृत्याच्या फोटोंसाठीसुद्धा पालकांची लेखी संमती घ्या आणि त्यांना हजर ठेवा.

निवड

घरी आल्यावर पहिली चाळणी तुमची, दुसरी नर्तकाची. तुम्हाला चेहरा आणि प्रकाश आवडलेला असतो. नर्तकाला पहिल्या झटक्यात दिसतं ते न ताणलेलं पाऊल, वर आलेला खांदा, सैल पडलेलं मनगट. त्याच्या प्रकारात जी चूक आहे ती जगासमोर ठेवू नका, फोटो कितीही देखणा असला तरी. याला अपवाद एकच, आणि तो दोघांच्या संमतीचा: तालमीतला घसरलेला तोल, धापा टाकणारं शरीर, पडता पडता सावरणं. काही नर्तकांना असे फोटोच स्वतःचे वाटतात.

एडिटिंगमध्ये तिरकी जमीन सरळ करा, मागचा दिवा झाका, रंग मंचावर होते तसे राखा. निळ्या-जांभळ्या प्रकाशातली त्वचा गोरी-गुलाबी करायला जाऊ नका. प्रकाशयोजना करणाऱ्याने तो रंग विचार करून दिलेला असतो. शरीराला हात लावायचा नाही. कंबर बारीक करणं, पाय लांबवणं, उडी संगणकावर उचलणं, काही नाही. फोटोग्राफर लोइस ग्रीनफिल्ड १९८२ पासून स्टुडिओत नर्तकांच्या अशक्यप्राय वाटणाऱ्या उड्या टिपत आल्या, आणि त्या फोटोंचं वजन यातच आहे की त्या उड्या खरोखर तशाच घडल्या.

शेवटी निवडलेले फोटो छापा, पाच का असेनात. हललेले फोटो मोठ्या कागदावर छापा. मोबाइलच्या स्क्रीनवर ते नुसते चुकल्यासारखे दिसतात आणि घाईघाईत पुसले जातात. नर्तकाला त्याची प्रत द्या, आणि फोटो कुठेही लावताना नर्तक, नृत्यरचनाकार आणि प्रकाशयोजनाकार या तिघांची नावं तुमच्या नावाआधी लिहा.